डावा स्वस्त, उजवा महाग

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय आता उत्तम आहे. फक्त त्यांना खुर्चीतून उठवा."

"फक्त" हा शब्द डॉक्टर मंडळी ज्या सढळ हातानं वापरतात, त्या हातानं मला ऑपरेशननंतरच्या स्वयंपाकात मीठसुद्धा वापरायची परवानगी नव्हती.

आमचे हे ऑपरेशन करून घरी आले ते थेट खिडकीजवळच्या आरामखुर्चीत. डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर ठेवून नाडी मोजत बसायचे. मध्ये मी काही बोलले की मोजणी चुकायची, आणि मग माझ्याकडे असं बघायचे की जणू मी दूध उतू घालवलं. फिरायला चला म्हटलं, तर हवा खराब. हवा चांगली असली, तर रस्ता खराब. जिन्यापर्यंत तरी चला म्हटलं, तर "उतरेन गं, पण चढायचं कुणी?"

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. "असेच बसून राहिले तर आम्ही दुरुस्त केलेलं सगळं पुन्हा बिघडेल. रोज हालचाल हवी. हळूहळू चढण चढता आली पाहिजे. घाबरलेत ते, दुसरं काही नाही."

"हे त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं. विचार करतो म्हणाले."

सरकारी नोकरीत जन्म घालवलेला माणूस "विचार करतो" म्हणाला, की कागद कपाटात गेला असं समजावं. हे सरकारी चाचणी खात्यात होते. सरकारी इमारतींना लागणाऱ्या कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्या टिकतात की नाही, हे बघायचं काम. यंत्राला बिजागरी लावायची आणि ती मोडेपर्यंत उघडायची, मिटायची. मोडली की हे खुशीत घरी येत, कारण त्या दिवशी काहीतरी सिद्ध झालेलं असे. मोडली नाही की जेवताना गप्प. निवृत्तीनंतर मोडायला काही उरलं नव्हतं आणि आता तर स्वतःच मोडू की काय, ही धास्ती.

जिन्याखाली मुलाची माउंटन बाईक पडून होती. नोकरीसाठी परदेशी जाताना "आई, हिला टाकू नकोस" असं सांगून गेला होता. जाड टायर, गिअर, आणि खांदे उंचावून उभी राहिलेली. माझ्या मनात आलं, ह्यांच्या डोळ्यांदेखत आपणच ही चालवावी. बायको सायकलवर आणि आपण खुर्चीत, ह्याची थोडी तरी लाज वाटेल. तशी मी अगदीच नवखी नव्हते. कॉलेजात असताना हळू सायकल चालवण्याच्या शर्यतीत माझा पहिला नंबर आला होता. म्हणजे सगळ्यांत शेवटी पोचले होते. तो चषक अजून कपाटात आहे, त्यात बटणं ठेवते.

सकाळी आवारात सायकल काढली. खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे खिडकीकडेच बघत होते. पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीत डाव्या पायाखाली काहीतरी डुगडुगायला लागलं. आपलाच गुडघा असेल, असं समजून मी दुर्लक्ष केलं, कारण त्या वयात जे डुगडुगतं ते आपलंच असतं. तिसऱ्या फेरीत पायडल, आणि पायडल ज्याला लागतं तो दांडा, असे दोघेही सायकल सोडून माझ्या पायाबरोबर निघाले. चपलेचा पट्टा पायडलच्या दातांत अडकला होता. मी कर्दळीच्या वाफ्यात, सायकल माझ्यावर, आणि पायाला लोंबणारा तो लोखंडी दागिना.

वर खिडकीत खुर्ची करकरली. जिन्यावर पावलं वाजली. मी डोळे मिटून घेतले. नवरा बायकोला उचलायला धावत येतोय, असा प्रसंग आमच्या संसारात फार आलेला नव्हता, तो नीट अनुभवावा म्हणून.

ह्यांनी वाकून माझ्या पायातला दांडा सोडवला आणि उजेडात धरला.

"भोक बघ," हे म्हणाले.

"मी पडलेय."

"दिसतंय. पण हे भोक बघ. मूळचं चौकोनी आहे. आस चौकोनी, भोक चौकोनी. बोल्ट ढिला झाला, तशीच चालवली, आणि आसानं कोपरे खाऊन टाकले. मऊ धातू. अगदी मऊ." शेवटचे शब्द असे म्हणाले की जणू कुणाच्या चारित्र्याबद्दल बोलत होते.

मी कर्दळीत पडल्या पडल्या बघत होते. माणूस आपण होऊन जिना उतरला होता. माझं कोपर सोललं होतं आणि मला हसू येत होतं.

आरडाओरडा न करताही आमच्या इमारतीत माणसं जमतात. वरच्या मजल्यावरचे मॅनेजर जमले. कधीकाळी बँकेत मॅनेजर होते, आता सगळ्यांचे. त्यांनी दांड्याकडे न बघताच निदान केलं. "स्वस्तातला माल. वहिनी, महागडा घाला. जन्मात पुन्हा बघावं लागणार नाही."

खालच्या मजल्यावरच्या शिवणबाई तोंडात टाचण्या धरून आल्या होत्या. त्या टाचण्या काढून म्हणाल्या, "मी सुई नेहमी स्वस्तातली घेते. तुटली तर जीव जळत नाही. महागडी तुटली की दिवसभर जेवण जात नाही."

"सुई आणि क्रँक यांत फरक आहे, बाई," मॅनेजर म्हणाले. त्या दांड्याला क्रँक म्हणतात हे मला तेव्हा कळलं. "महागाचं टिकतं. साधा नियम आहे."

"पुरावा?" हे म्हणाले.

ह्यांच्या तोंडून हा शब्द मी कितीतरी महिन्यांनी ऐकला. मॅनेजर गडबडले. "पुरावा कशाला हवा? सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळ्यांना ठाऊक असलेल्या बिजागऱ्या मी नापास केल्यात," हे म्हणाले, आणि दांडा काखोटीला मारून जिना चढले. मधे न थांबता. मी मागून सायकल आणि स्वतःला सावरत आले.

त्या रात्री मुलाला फोन झाला. तो म्हणाला, "बाबा, महागडा क्रँक हलका असतो. पैसे बहुतेक हलकेपणाचे. मजबूत असतोच असं नाही. काही तर आतून पोकळ, दोन तुकडे चिकटवलेले, ते उकलतात म्हणे. आणि स्वस्तातले काही जडशीळ असतात, पण मरत नाहीत."

"म्हणे चालणार नाही," हे म्हणाले. "दोन्ही जातींचे घेऊ. एकच सायकल, एकच स्वार, एकच रस्ता. एका बाजूला स्वस्त, दुसऱ्या बाजूला महाग. आधी कोण जातो ते बघू."

"बाबा, असं कुणी करत नाही."

"म्हणूनच कुणाला ठाऊक नाही."

मुलानं मला फोन द्यायला सांगितलं. "आई, बाबा ठीक आहेत ना?" मी म्हटलं, "फार दिवसांनी ठीक आहेत. तू मुकाट्यानं पाठव. चौकोनी आसावर बसणाराच पाठव."

स्वस्तातला क्रँक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला. महागड्याचं पार्सल परदेशातून आलं आणि जकातीसाठी पार्सल कचेरीत अडकलं. मी गेले. खिडकीतल्या कारकुनानं खोकं फोडलेलं होतं. काळी कुळकुळीत, गुळगुळीत वस्तू. त्यानं ती चिमटीत धरून विचारलं, "हे काय?"

"सायकलचा क्रँक. पायडल लागतं तो दांडा."

"यंत्राचा भाग की वाहनाचा?"

"वाहनाचा."

"वाहन दाखवा."

"ते घरी आहे."

"मग घेऊन या," असं म्हणून त्यानं खोकं खाली ठेवलं, लांब, माझा हात पोचणार नाही इतकं.

घरी येऊन मी रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. त्यातलं थोडं रडू खरं होतं आणि थोडं ह्यांच्यासाठी काढलेलं. हे खुर्चीतून उठले. "वाहनाची व्याख्या ठाऊक आहे का त्याला? मीच येतो."

सायकलला डावा दांडा नव्हता, त्यामुळे ती ढकलतच न्यावी लागली. ही त्या कारकुनाची आमच्यावरची पहिली कृपा. जो माणूस जिन्याला घाबरत होता, तो सायकल ढकलत बाजारातून निघाला. दर चार दुकानांपाशी थांबून कुणाच्या ना कुणाच्या दाराची बिजागरी निरखायचा आणि मान हलवायचा. मी मागे. लोक आम्हाला वाट देत होते. सायकलवाल्याला एरवी कुणी देत नाही, पण आमच्या चेहऱ्यांवर काहीतरी असावं.

कारकुनानं सायकलला प्रदक्षिणा घातली. "ही चालते?"

"क्रँक बसवल्यावर," हे म्हणाले.

"म्हणजे आत्ता चालत नाही."

"नाही."

"न चालणारं ते वाहन कसं?"

मी पिशवी खाली ठेवली. आता वेळ लागणार होता.

"बंद पडलेली बस म्हणजे काय?" ह्यांनी विचारलं.

"बंद पडलेली बस."

"म्हणजे बसच ना?"

कारकुनानं विचार केला. "बस आहे. पण बंद पडलेली."

"मग ही सायकल आहे. पण क्रँक नसलेली."

"तसं प्रमाणपत्र आहे?"

मागची रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, उरकाच आता." पण दोघेही उरकण्याच्या पलीकडे गेले होते. एका सरकारी माणसाला दुसरा सरकारी माणूस भेटला की वर्गमित्र भेटल्यासारखं होतं, भांडण ही नुसती रीत. कलमं निघाली, पोटकलमं निघाली. ह्यांच्या गालांवर रंग आला. इस्पितळातल्या कुठल्याही बाटलीनं तो आणला नव्हता.

शेवटी कारकून साहेबांना विचारायला म्हणून उठला. आत जायला काउंटरची फळी उचलावी लागायची. त्यानं उचलली आणि ती त्याच्या बोटांवर आपटली. तो ओरडलासुद्धा नाही. रोजचंच असावं.

हे पुढे झाले. फळी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली, कान लावून ऐकलं. "पिन आखूड आहे. ही जात आमच्या खात्यानं नापास केली होती. कुणी घेतली?"

आतून साहेब स्वतः बाहेर आले आणि आपलं निळं पडलेलं नख दाखवत म्हणाले, "मीही कधीचा हेच विचारतोय." पुढचं सगळं पटकन झालं. कुठली बिजागरी मागवायची ते ह्यांनी सांगितलं, साहेबांनी चहा सांगितला, कारकुनानं खोकं दोन्ही हातांनी दिलं. निघताना तो म्हणाला, "काका, क्रँक बसवला की सायकल आणून दाखवा." आणि तो थट्टा करत नव्हता.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं मात्र हात टेकले. "काका, दोन्ही बाजूंना एकच जोडी बसवतात."

"एकच जोडी बसवली तर तुलना कशाशी?"

"चपलासुद्धा एका जोडीच्या घालतो आपण."

"तुलना करायची असती तर घातल्या नसत्या."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दुकानाच्या छपराकडे बघितलं. शेवटी उजवीकडे दातेरी चक्रासकट महागडा आणि डावीकडे स्वस्त, अशी सायकल तयार झाली. महागडा किंचित लांब निघाला. त्यामुळे हे चालवायला लागले की एका पायानं जिना आणि दुसऱ्यानं उंबरा चढताहेत असं दिसे. आवारात पहिल्या दिवशी एक फेरी. मग दोन. मग इमारतीच्या सेक्रेटरींनी फलक लावला, 'आवारात कोणतेही प्रयोग करण्यास मनाई आहे.' माझा जळफळाट झाला. चार लोकांत आपल्या नवऱ्याच्या नावानं फलक लागावा, आणि तोही कर्दळीच्या वाफ्यासमोर. आज वाटतं, त्या सेक्रेटरींच्या नावानं साखर वाटायला हवी होती. आवार बंद झालं म्हणून हे रस्त्यावर गेले, आणि रस्ता सरळ पाण्याच्या टाकीच्या चढणीला लागतो.

चढण पहिल्याच दिवशी कोण चढणार? विजेच्या खांबापर्यंत जायचं आणि परतायचं. मग पुढच्या खांबापर्यंत. चाचणी सरकारी थाटाची, तेव्हा साक्षीदार हवेत. मॅनेजर महागड्याच्या बाजूनं आणि शिवणबाई स्वस्ताच्या बाजूनं, दोघे पायी मागे चालत. एकमेकांशी कधी न बोलणारी माणसं रोज संध्याकाळी भांडत चढण चढू लागली. मॅनेजरांची साखर उतरली, ती त्यांनी महागड्या क्रँकच्या खात्यावर जमा केली.

आणि मग ह्यांची पँट आटली. एकाच पायात.

"धुण्यात काय घातलंस?" हे म्हणाले. "डावा पाय घट्ट होतोय."

"धुणं पायांत निवड करत नाही," मी म्हटलं. पण संध्याकाळी मीही मागे चालत गेले आणि नीट बघितलं. डाव्या पायानं हे सगळं अंग घालून दाबत होते. उजवा पाय पायडलवर नुसता ठेवलेला, बिछान्यात झोपलेल्या बाळावर हात ठेवावा तसा. डावी मांडी पैलवानाची झाली होती आणि उजवी अजून निवृत्तच.

"तुम्ही महागड्याला जपताय," मी म्हटलं.

"छे. काहीतरीच."

"जपताय. पावसाचं चिन्ह दिसलं की त्याला प्लास्टिकची पिशवी बांधता. मी बघितलंय."

हे थांबले. खरंच बराच वेळ विचार केला. ज्या घरात चांगले कप पाहुण्यांसाठी, चांगली चादर कुणीतरी येणार म्हणून आणि चांगले बूट लग्नासाठी ठेवून ठेवून आखूड होतात, त्या घरातल्या माणसाला महागड्या वस्तूवर पाय ठेवा म्हटलं तर तो ठेवेल, पण वजन कसं टाकेल? महाग वस्तू आमच्याकडे टिकते ती आम्ही तिला हात लावत नाही म्हणून.

"म्हणजे चाचणी रद्द," हे म्हणाले. आणि पडेल चेहऱ्यानं पायडल मारत पुढे गेले, रागानं असेल, शेवटच्या खांबाच्याही पुढे. वळणाआड दिसेनासे झाले.

आम्ही तिघं मागून येतच होतो. तेवढ्यात वरून खणखण असा आवाज आला. डांबरावरून काहीतरी गडगडत आलं आणि मॅनेजरांच्या बुटाला लागून थांबलं. डावा क्रँक. पायडलसकट. ह्यांच्याशिवाय.

पुढचं मला नीट आठवत नाही आणि एरवी मला सगळं आठवतं. मी पळाले. शिवणबाई माझ्यामागून "ताई, सावकाश, ताई" म्हणत पळाल्या. वळणावर सायकल आडवी नव्हती, रस्त्यात कुणी पडलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचे सगळे शब्द कानात एकदम वाजत होते, आणि महागड्याला जपताय असं ह्यांना टोचून मीच बोलले होते.

हे वर टाकीच्या कठड्यापाशी उभे होते. सायकल शेजारी, एका पायाची. घामानं निथळत होते.

"काय झालं?" मी ओरडले. श्वास माझाच चालत नव्हता.

"डावा गेला वळणावर. मग उजव्यानंच आलो. एक फेरा मारायचा, पाय खालून आणायचा, पुन्हा मारायचा." आणि खाली पसरलेल्या गावाकडे बोट दाखवत म्हणाले, "आपली खिडकी इथून दिसत नाही गं. मला वाटलं होतं दिसेल."

"दुखतंय का कुठे?"

"डावी मांडी."

मी कठड्यावर बसले आणि रडले. त्या वेळचं रडू सगळंच्या सगळं खरं होतं. शिवणबाईंनी पाठीवरून हात फिरवला. मॅनेजर सगळ्यांत शेवटी पोचले, हातात तो क्रँक धरून, आणि दम घेऊन म्हणाले, "सिद्ध झालं. स्वस्त गेला."

"कसलं सिद्ध," शिवणबाई म्हणाल्या. "सगळं वजन त्यानंच ओढलं. बिचारा राबून गेला. तुमचा नुसता मिरवत होता."

"बाई बरोबर बोलतात," हे म्हणाले. "स्वार पक्षपाती होता. चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. स्वार बदलून."

तिघांनी माझ्याकडे बघितलं.

पुढच्या आठवड्यात डावीकडे नवा स्वस्तातला क्रँक बसला. ह्यांनी बोल्ट स्वतः आवळला, वर सायकलवाल्याकडून आवळून घेतला. चढणीच्या पायथ्याशी मला सीटवर बसवून हे म्हणाले, "दोन्ही पायांना सारखं वजन. कुणावर दया नाही."

"पडले तर?"

"मी आहे ना मागे."

सीट धरून हे मागे, आणि मी निघाले. पहिल्या खांबापर्यंत मी दोन्ही पायांना समान न्याय दिला. मग चढ वाढला आणि मनात आलं, आपण इतकी वर्षं जपूनच राहिलो. मी सीटवरून उठले आणि त्या काळ्या कुळकुळीत, गुळगुळीत, परदेशातून आलेल्या दांड्यावर अख्खी उभी राहिले. मग डाव्यावर. मग पुन्हा उजव्यावर. सायकल माझ्याच ताकदीनं पुढे झेपावली आणि ह्यांच्या हातातून सीट सुटली.

"अगं, उजव्यावर सांभाळून," मागून आवाज आला. "महाग आहे तो."

मी सांभाळलं नाही. दोन्ही दांडे टिकले, मोडायची वेळ आम्ही त्यांच्यावर पुढे कितीदा तरी आणली, आणि त्यांत कोण श्रेष्ठ ह्यावर मॅनेजर आणि शिवणबाई शेवटपर्यंत भांडले. हेही त्यानंतर पुष्कळ वर्षं मला छळायला राहिले, देवाची आणि त्या दोन्ही कारखान्यांची कृपा. पण मला अजून ऐकू येते ती त्या संध्याकाळची चढण. मी मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर पडले असते. नुसती ऐकत होते. डांबरावर बुटांचा पट्पट् आवाज, जवळ, आणखी जवळ. ज्यांना खुर्चीतून कुणी उठवू शकत नव्हतं ते आमचे हे, चढणीला, माझ्यामागे धावत होते.